बर्फाने शेडचं छप्पर बसलं तर: आधी काय, मग काय

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलण्यातलं थोडं गाळलंय, पण आकडे आणि क्रम तोच ठेवलाय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून घेतलाय. ते मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात. मागच्या अंगणात त्यांनी स्वतःच्या हाताने शेड बांधली होती, दहा बाय बारा फुटांची. काही हिवाळे ती व्यवस्थित उभी राहिली आणि मग एका मोठ्या बर्फात बसली. छपराचं आढं मधोमध खाली आलंय आणि दोन्ही लांब भिंती बाहेर झुकल्यात. स्नोब्लोअर आणि मुलांच्या सायकली आत अडकल्यात. त्यांचा प्रश्न असा: "मोडलेले दोन-तीन वासे बदलून छप्पर परत चढवलं तर चालेल ना?"

सरळ उत्तर देतो. नुसते वासे बदलून चालणार नाही. त्यांनी जे वर्णन केलंय त्यात वासे मोडले ही शेवटची गोष्ट आहे. आधी काहीतरी वेगळंच सुटलंय. ते शोधलं नाही, तर आपण जुनंच छप्पर नव्या लाकडात बांधू आणि पुढच्या मोठ्या बर्फात ते पुन्हा बसेल. तेव्हा कदाचित आत कोणी असेल.

सगळ्यात आधी: आत जाऊ नका

हे ऐकायला सोपं वाटतं, पण माणसाला मोह होतो. स्नोब्लोअर आत आहे, बाहेर दीड फूट बर्फ आहे, "दोन मिनिटांत काढून आणतो" असं वाटतं. अर्धवट बसलेलं छप्पर पूर्ण पडलेल्या छपरापेक्षा जास्त धोक्याचं असतं. ते कशाच्या आधारावर थांबलंय हे बाहेरून दिसत नाही. कधी एखाद्या कपाटावर टेकलेलं असतं, कधी वाकलेल्या दाराच्या चौकटीवर. तुम्ही सायकल ओढता आणि नेमका तोच आधार निघतो.

म्हणून क्रम असा ठेवा. शेडमध्ये वीज नेली असेल तर घरातल्या पॅनेलवरून तो ब्रेकर बंद करा. पेट्रोलचा कॅन किंवा ग्रिलचा सिलिंडर आत असेल आणि वास येत असेल, तर लांब राहा आणि अग्निशमन दलाला कळवा. मग चारही बाजूंनी फोटो काढा, काहीही हलवण्याआधी. विम्यासाठी ते लागतील आणि छप्पर का पडलं हे शोधायलाही लागतील.

छप्पर अजून उभं आहे, नुसतं वाकलंय, अशी स्थिती असेल तर जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या रूफ रेकने बर्फ उतरवा. तिथे एक नियम पाळायचा: एक पाखं पूर्ण साफ करून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. थोडा बर्फ या बाजूचा काढायचा, थोडा त्या बाजूचा. एका पाख्यावर दोन फूट बर्फ आणि दुसरं मोकळं, असं झालं की सगळं छप्पर एका बाजूला ढकललं जातं. वर चढायचं तर अजिबात नाही. आणि जवळून विजेची तार जात असेल तर धातूचा दांडा वापरू नका.

छप्पर आधीच बसलं असेल तर रेकही नको. दहा-बारा फूट लांब राहा आणि बर्फ वितळायची वाट बघा. सायकली थांबतील.

वर किती वजन होतं?

आपल्याकडची बरीच मंडळी कोकणात किंवा देशावर वाढली. छपराचा शत्रू म्हणजे पाऊस आणि वारा, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पावसाचं पाणी वळचणीवरून पागोळ्यांनी निघून जातं. बर्फ तिथेच बसून राहतो. फरक एवढाच, पण सगळं गणित बदलतं.

हिशोब सोपा आहे. एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे साधारण ५ पौंड. ताजा, भुसभुशीत बर्फ दहा-बारा इंच असेल तेव्हा कुठे त्यात एक इंच पाणी असतं. पण दबून बसलेला जुना बर्फ तीन ते पाच इंच असला तरी त्यात तेवढंच पाणी भरतं. म्हणजे खोली नुसती डोळ्यांनी बघून वजन कळत नाही.

आता दहा बाय बाराची शेड घ्या. जमिनीवरचं क्षेत्र १२० चौरस फूट. वर दोन फूट जुना, दबलेला बर्फ. चार इंचांना एक इंच पाणी धरलं तर सहा इंच पाणी झालं, म्हणजे दर चौरस फुटाला साधारण ३१ पौंड. एकूण सुमारे ३,७०० पौंड, म्हणजे जवळजवळ १,७०० किलो. तुमची मोटारगाडी शेडच्या छपरावर ठेवली असं समजा. त्यावर पाऊस पडला तर? तो वाहून जात नाही, बर्फ त्याला स्पंजसारखा धरून ठेवतो आणि वजन आणखी वाढतं.

२०१४-१५ चा हिवाळा बोस्टनवाल्यांना आठवत असेल. त्या मोसमात तिथे १०८ इंचांहून जास्त बर्फ पडला, आणि त्यातला ९० इंचांहून जास्त महिन्याभरात. थंडी इतकी होती की मधे वितळायला वेळच मिळाला नाही. थरावर थर बसत गेले आणि बरीच छपरं गेली. एका वादळाने छप्पर पाडलं असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ते महिन्याभराचं साचलेलं ओझं असतं.

शेडबाबत आणखी एक मुद्दा. घराची ऊब थोडी तरी छपरातून वर जाते आणि खालून बर्फ वितळतो. शेडला हीटिंग नसतं. म्हणून इथल्या बांधकामाच्या मानकांत न तापवलेल्या इमारतीच्या छपरावर तापवलेल्या इमारतीपेक्षा जास्त बर्फ धरतात, साधारण २० टक्के जास्त. आपण मात्र उलट करतो. "शेडच तर आहे" म्हणून घरापेक्षा बारीक लाकूड लावतो.

मग नेमकं सुटलं काय?

श्रोत्याच्या शेडचं छप्पर दुपाखी आहे. दोन वासे वर आढ्याजवळ एकमेकांना टेकलेत, खाली भिंतींवर बसलेत. पत्त्यांचा तंबू करतो ना आपण, दोन पत्ते एकमेकांना टेकवून? वरून बोटाने दाबा. पत्ते मधे वाकत नाहीत, त्यांचे पाय बाहेर सरकतात. छपराचंही तसंच होतं. वरचं ओझं वाशांच्या पायांना बाहेर ढकलतं, पाय भिंतीची वरची पट्टी ढकलतात, भिंत बाहेर झुकते, आढं खाली येतं. छप्पर जितकं खाली येतं तितकं चपटं होतं, आणि चपटं छप्पर आणखी जोरात ढकलतं. शेवटी कुठलातरी वासा मोडतो आणि आपल्याला दिसतो तो तेवढाच.

हे थांबवायला काय लागतं? समोरासमोरच्या दोन पायांना बांधून ठेवणारं एक आडवं लाकूड. आपल्याकडे पत्र्याच्या किंवा कौलाच्या छपराला सुतार कैची करतो, ती आठवा. कैचीला खालचं आडवं लाकूड असतंच. इथल्या भाषेत त्याला राफ्टर टाय म्हणतात. घरी बांधलेल्या शेडमध्ये नेमकं तेच गाळलेलं असतं, कारण डोक्याला लागतं, किंवा वर शिडी आणि लांब फळ्या ठेवायला जागा हवी असते.

काही जण म्हणतील, "आमच्या शेडला आडवं लाकूड आहे की, वर आढ्याजवळ." ते वेगळं. त्याला कॉलर टाय म्हणतात. वाऱ्याने दोन वासे आढ्यापाशी एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून ते असतं. पाय बाहेर सरकणं ते जवळजवळ थांबवत नाही. बांधायचं ते पायाशी, फार तर छपराच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशात. वर जाल तसा त्या लाकडावरचा ताण वाढतो, आणि वाशालाही बाक येतो.

जोर किती असतो तेही बघू. शेड १० फूट रुंद, आढं भिंतीपेक्षा अडीच फूट उंच, वाशाच्या जोड्या दोन-दोन फुटांवर, बर्फाचा भार दर चौरस फुटाला ४० पौंड. एका जोडीवर ८०० पौंड येतात आणि तिचे पाय ४०० पौंडांनी बाहेर ढकलले जातात. आता तीच शेड, पण आढं फक्त सव्वा फूट उंच. ढकलणं दुप्पट होतं, ८०० पौंड. उतार कमी, जोर जास्त. ४०० पौंड धरायला प्रत्येक टोकाला साडेतीन इंची चार-पाच चांगले खिळे पुरतात. म्हणजे जी गोष्ट गाळली, तिची किंमत एक टू-बाय-फोर आणि मूठभर खिळे एवढीच होती.

तुमच्या शेडचं कारण वेगळं असू शकतं. म्हणून फोटो बघून ठरवा:

- भिंती बाहेर झुकल्यात आणि आढं खाली आलंय: खालचं आडवं लाकूड नाही, किंवा त्याचे खिळे उपटलेत.
- भिंती ओळंब्यात सरळ, पण वासे मधोमध मोडलेत: वासे बारीक होते किंवा फार अंतरावर होते.
- सगळी शेड एका बाजूला कलली: भिंतींना तिरपा आधार किंवा प्लायवूड नाही.
- एक कोपरा खचला: खालची पट्टी कुजली आहे.
- घराला किंवा गॅरेजला लागून असलेलं एकपाखी छप्पर पडलं: वरच्या छपरावरून बर्फ घसरून किंवा वाऱ्याने उडून त्यावर साचला. अशा ठिकाणी नेहमीच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त ओझं येतं.

वाचवायची की पाडायची?

बर्फ गेल्यावर, कोरड्या दिवशी, एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि भिंतीच्या खालच्या पट्टीत टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. एका कोपऱ्यात असेल तर तेवढा तुकडा बदलता येतो. तीन बाजूंना असेल तर हट्ट सोडा. निम्म्याहून जास्त वासे मोडले असतील तरी तेच. स्वतः बांधलेली गोष्ट पाडायला जीवावर येतं, मला कळतं, पण कुजलेल्या पायावर नवं छप्पर चढवणं म्हणजे नुसते पैसे वाया.

पाडायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा. शेड जुनी असेल आणि हिरवट छटेचं प्रेशर ट्रीटेड लाकूड असेल तर ते जाळू नका. २००३ पर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं. ते कचऱ्याच्या केंद्रावरच द्यायचं.

आणि शेड घराला जोडलेली असेल, आत कोणी काम करत किंवा झोपत असेल, किंवा ती गॅरेजएवढी मोठी असेल, तर पुढचं वाचून स्वतः करू नका. इंजिनिअरला बोलवा. पुढची पद्धत लहान, सुट्या शेडसाठी आहे.

दुरुस्तीचा क्रम

एक. छपराचं ओझं उतरवा. शिंगल्स आणि वरचं प्लायवूड बाहेरून, शिडीवरून, जमेल तेवढं काढा. बसलेल्या छपरावर पाय ठेवायचा नाही. फुगलेलं किंवा थर सुटलेलं प्लायवूड परत वापरायचं नाही.

दोन. टेकू द्या. दारापासून सुरुवात करा आणि प्रत्येक टेकू पक्का झाल्यावरच पुढे सरका. फोर-बाय-फोरचा खांब, खाली जाड फळी म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही, वर आडवी फळी म्हणजे दोन-तीन वासे एकदम उचलले जातील. दोघं मिळून करा. एकट्याने हे काम करायचं नाही.

तीन. भिंती आत ओढा. हाताने चालवायची रॅचेट विंच मिळते, दुकानात तिला कम-अलाँग म्हणतात. एका भिंतीच्या वरच्या पट्टीपासून समोरच्या पट्टीपर्यंत साखळी लावा. साखळी लाकडात घुसू नये म्हणून बाहेरून एक टू-बाय-फोर आडवा ठेवा. मग थोडं विंच ओढायचं, थोडं आढं जॅकने वर न्यायचं, पुन्हा थोडं विंच. पाव-पाव इंच. दोन्ही एकत्र चालले पाहिजेत. नुसतं आढं उचललं तर वासे भिंतीवरून सुटतात, नुसतं ओढलं तर लाकूड चिरतं. साखळीच्या सरळ रेषेत उभं राहू नका. भिंती ओळंब्यात आल्या आणि दोन्ही कर्ण सारखे भरले, की थांबा.

चार. विंच तशीच ठेवून आडवी लाकडं ठोका. प्रत्येक जोडीला एक, एक सोडून एक नाही. प्रत्येक टोकाला साडेतीन इंची चार-पाच खिळे. छप्पर चपटं असेल तर जोर दुप्पट, तिथे बोल्ट लावा. सगळी लाकडं बसल्यावरच विंच सोडायची. इथे ड्रायवॉल स्क्रू वापरू नका. घरच्या कामात ते सर्रास दिसतात, पण ते ठिसूळ असतात, वाकायच्या ऐवजी कट्‌कन तुटतात. खिळा निदान वाकतो आणि इशारा देतो.

पाच. चिरलेल्या वाशाला जोडवासा द्या. बाजूने नवा वासा, आढ्यापासून भिंतीपर्यंत पूर्ण लांबीचा. चिरेवर दोन फुटांची पट्टी ठोकणं म्हणजे मोडलेल्या हाडावर नुसतं फडकं गुंडाळणं. सगळेच वासे बारीक असतील तर टू-बाय-फोरऐवजी टू-बाय-सिक्स घ्या. दोन इंचच उंची वाढते, पण ताकद जवळजवळ अडीच पट आणि ताठरपणा चौपटीच्या जवळ जातो. आढ्याजवळच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे लावा, आणि वासा भिंतीला जिथे टेकतो तिथे धातूच्या पट्ट्या, त्यांच्यासोबत सांगितलेल्याच खिळ्यांनी.

सहा. भिंतींना आतून किंवा बाहेरून प्लायवूड मारा, निदान कोपऱ्यांना. छप्पर धरलं आणि भिंत कलली, असं नको.

सात. वरून प्लायवूड आणि मग आवरण. अजून थंडी असेल तर शिंगल्सची घाई नको. त्यांच्या खालची चिकट पट्टी गार हवेत धरत नाही. तोपर्यंत ताडपत्री ताणून, पट्ट्या ठोकून लावा. मधे खळगा पडला तर पाणी साचेल आणि पुन्हा तेच ओझं.

"पण ती आडवी लाकडं डोक्याला लागतात हो," असं म्हणाल तर एक पर्याय आहे. आढं म्हणजे नुसती फळी न ठेवता जाड तुळई करायची आणि तिला दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत खांब द्यायचे. मग वासे आढ्यावर लटकतात, भिंतींना ढकलत नाहीत. आपल्या जुन्या घरांत खांबावर बसलेलं आढं असायचं, तोच हिशोब. फक्त त्या तुळईचं माप अंदाजाने ठरवू नका, माहितगाराकडून काढून घ्या.

परवानगी आणि विमा

बऱ्याच गावांत २०० चौरस फुटांपर्यंतच्या शेडला बांधकाम परवाना लागत नाही. याचा अर्थ ती कशीही बांधावी असा नाही, आणि कुंपणापासूनच्या अंतराचे नियम तर लागू असतातच. गावाच्या बिल्डिंग विभागाला फोन करा. तिथेच आणखी एक प्रश्न विचारा: आपल्या गावासाठी बर्फाचा भार किती धरतात? मॅसॅच्युसेट्सच्या कोडमध्ये गावागणिक आकडा दिलेला आहे. वर मी हिशोबासाठी ४० घेतला, तुम्ही तुमचा घ्या.

विम्याचं असं. अमेरिकेतल्या नेहमीच्या घरविम्यात बर्फाच्या वजनाने झालेलं नुकसान सहसा धरलेलं असतं, आणि घराला न जोडलेल्या बांधकामांसाठी वेगळी रक्कम असते, बऱ्याचदा घराच्या रकमेच्या १० टक्के. पण डिडक्टिबल वजा केल्यावर लहान शेडसाठी हातात फारसं उरत नाही. दावा करण्याआधी लाकडाची यादी आणि किंमत काढा, मग ठरवा.

ज्यांची शेड अजून उभी आहे त्यांच्यासाठी

खरं तर आजचा भाग तुमच्यासाठी जास्त आहे. या शनिवार-रविवारी आत उभं राहून वर बघा. समोरासमोरचे वासे खाली बांधलेले आहेत का? बाहेरून भिंतीच्या वरच्या कडेला दोरी ताणा. मधे भिंत बाहेर फुगलीय का? लांबून आढ्याकडे बघा, ते सरळ आहे की झोपाळ्यासारखं? बर्फ पडल्यावर शेडचं दार अचानक घासायला लागलं, किंवा आतून करकर ऐकू आली, तर छप्पर वाकतंय. लगेच बाहेर या, दार लावायला थांबू नका, मग लांबून रेक चालवा.

आणि स्नोब्लोअर डिसेंबरच्या आधी गॅरेजमध्ये आणून ठेवा. ज्या दिवशी तो लागतो, नेमक्या त्याच दिवशी शेडच्या छपरावर सगळ्यात जास्त ओझं असतं.

तुमच्या शेडचे फोटो पाठवा, भिंतींचे आणि आढ्याचे नीट दिसतील असे. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा. नमस्कार.